नळाचं सोडा, फडकं बघा

शहरात फ्लॅट आणि गाडी दोन्ही असलेल्या माणसाला लवकरच कळतं, की सोसायटीत गाडी लावायला जागा मिळाली तरी धुवायला नळ मिळत नाही. पार्किंगमध्ये नळ असलाच तर त्याची चावी वॉचमनच्या खिशात असते आणि ‘येथे गाड्या धुऊ नयेत’ ही पाटी भिंतीवर असतेच. मग बहुतेकजण दोनपैकी एक वाट धरतात. एक तर महिन्याच्या बोलीवर गाडी पुसणारा लावतात, नाहीतर सकाळी निघताना डिकीतलं पिवळं फडकं काढून बॉनेटवरून, दारांवरून झपाझप फिरवतात. दोन्हींच्या मुळाशी समज एकच: पाणी नाही, धुता येत नाही, तर निदान रोज पुसून तरी घेऊ. गाडीच्या रंगाची वाट लागते ती या समजुतीने. माझं म्हणणं असं, की नळ नसणं ही फार किरकोळ अडचण आहे. दोन बादल्या पाण्यात चारचाकी उत्तम धुता येते. धोका आहे तो कोरड्या आणि मळक्या फडक्याचा, आणि अंगणात नळ असलेला बंगलेवालाही त्यातून सुटलेला नाही.

हे का, ते समजायला गाडीच्या अंगावर काय असतं ते आधी पाहावं लागेल. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक लॅकर, असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात; त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. गाडीची झळाळी या थरावर, आणि खालच्या रंगाला उन्हापासून जपण्याचं कामही याच थराकडे. आता या थरावर बसणारी धूळ पाहा. खनिजांचा कठीणपणा मोजायला फ्रीड्रिख मोह्स यांनी १८१२ साली एक ते दहाची पट्टी सुचवली, ती आजही वापरतात. तिच्यावर चाकूचं पोलाद साधारण साडेपाचला येतं आणि वाळूतलं क्वार्ट्झ सातला. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातली मुख्य खनिजंही पाच ते साडेसहाच्या घरातली. खडी क्रशर, अर्धवट बांधकामं, खणून ठेवलेले रस्ते यांतून उडणारी जी भुकटी रात्रभर गाडीवर बसते, ती याच दगडाची आणि वाळूची. तिच्यावरून कोरडं फडकं दाबून फिरवलं की धूळ निघते खरी, पण निघता निघता त्या मऊ लॅकरवर रेघ ओढून जाते.

एका दिवसात काही दिसत नाही, म्हणूनच सवय टिकते. पडताळा घ्यायचा असेल तर स्वच्छ गाडी भर उन्हात उभी करावी आणि बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं त्याच्या भोवती पाहावं. रोज पुसल्या जाणाऱ्या गाडीवर तिथे बारीक रेघांची वर्तुळंच वर्तुळं दिसतात. रेघा खरं तर सगळ्या दिशांनी असतात. उजेडाशी ठरावीक कोनात असलेल्या तेवढ्या चमकतात, म्हणून वर्तुळ वाटतं. काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीवर ती सहज दिसतात. पांढऱ्या गाडीवर ओरखडे असतातच, फक्त लपतात. पॉलिश करून त्या घालवता येतात, असं डीलरकडचा माणूस सांगेल आणि ते खरंही आहे. पण पॉलिश म्हणजे रेघेच्या तळापर्यंत सगळा पृष्ठभाग खरवडून सपाट करणं. दर वेळी त्या ४०-५० मायक्रॉनांतले काही खर्ची पडतात आणि गेलेला थर परत येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमचा माणूस ओल्या फडक्याने पुसतो, कोरड्या नव्हे. पण त्याची बादली जवळून पाहावी. सकाळी सहाला भरलेली एकच बादली आणि एकच फडकं घेऊन तो ओळीने गाड्या उरकत जातो. पहिल्या गाडीची चाकं पुसलेलं फडकं त्याच पाण्यात खळबळून दुसऱ्या गाडीच्या टपावर चढतं. दोन-तीन गाड्यांत पाणी गढूळ होतं, तळाला रेती बसते आणि पुढचं प्रत्येक पिळणं ती रेती पुन्हा फडक्यात भरून घेतं. रांगेतल्या शेवटच्या गाडीला तर आधीच्या सगळ्या गाड्यांचा प्रसाद मिळतो. यात दोष त्या माणसाचा नाही. त्याला पाणी एवढंच मिळतं, वेळ तेवढाच मिळतो आणि पैसे त्याहून कमी. दोष ‘रोज पुसली म्हणजे निगा राखली’ या आपल्या हिशेबाचा आहे.

मग धुण्यात पाण्याचं काम नेमकं काय? मळ विरघळवण्याचं थोडं, पण कण उचलून रंगापासून दूर नेण्याचं जास्त. आपल्या घरात तांदूळ रोळायची रीत होती, तीच इथे लागू पडते: पाण्यात हलकं वर येतं, खडा तळाशी बसतो, आणि वरचंच उचलायचं असतं. गाडी धुताना फडक्यात आलेला कण पुन्हा गाडीवर जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच पथ्य. ते पाळायला धो-धो पाणी लागत नाही, स्वच्छ फडकी भरपूर लागतात. पाइप हातात असूनही एकाच स्पंजने टपापासून सायलेन्सरपर्यंत घासणारा माणूस रेघा ओढतोच. उलट दहा लिटर पाणी आणि आठ फडकी असलेल्याच्या गाडीला फारसं काही होत नाही.

पद्धत अशी. तैलरंगाची नव्हे, भिंतीच्या रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्यावी. ती बहुतेक घरांत असतेच, आणि तिला झाकण असल्यामुळे लिफ्टमध्ये पाणी सांडून शेजाऱ्यांची बोलणी खावी लागत नाहीत. ती निम्मीच भरावी. दहा लिटर म्हणजे दहा किलो, दोन्ही हातांत दोन बादल्या पेलतात. एका बादलीत ‘रिन्सलेस वॉश’ नावाने मिळणारं द्रावण घालावं. यातली पॉलिमर कणाला वेढतात आणि पृष्ठभाग निसरडा करतात, म्हणून नंतर पाणी ओतून धुवावं लागत नाही. यातल्या बऱ्याच द्रावणांचं प्रमाण २५६ भाग पाण्याला एक भाग इतकं विरळ असतं, म्हणजे दहा लिटरला साधारण ४० मिली. अर्ध्या लिटरच्या बाटलीत गाडी बाराएक वेळा धुऊन होते, त्यामुळे हे महागडे लाड आहेत असं म्हणायला जागा उरत नाही. झाडांवर फवारायचा दोन लिटरचा हातपंप मिळतो, त्यात हेच पाणी भरून आधी एक दार नीट भिजवावं आणि मिनिटभर थांबावं. मग बादलीत बुडवून ठेवलेलं मायक्रोफायबरचं फडकं हलकं पिळून, चौपदरी घडी करून, जोर न लावता सरळ रेषेत एकदाच ओढावं. एक बाजू मळली की घडी पालटावी. सगळ्या बाजू संपल्या की ते फडकं पिशवीत टाकावं. धुवायच्या बादलीत परत बुडवायचं नाही. कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्यावं आणि पुढच्या दाराकडे वळावं. क्रम वरून खाली: टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यांत शेवटी दारांचा खालचा पट्टा. चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते, म्हणून चाकांसाठी दुसरी बादली आणि फडकी कायमची वेगळी. हे सगळं सावलीत, बॉनेट गार असताना.

द्रावण नसेल तर कार शाम्पूही चालतो, पण त्याचा फेस धुऊन काढावाच लागतो; वेगळ्या स्वच्छ बादलीतलं पाणी मगाने वरून सोडलं तरी पुरतं. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण मात्र नको. कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते, आणि दोन्ही मळाबरोबर वॅक्सही उतरवतात. फडकी धुतानाही दोन गोष्टी सांभाळाव्यात: सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कारण त्यांचा लिंट मायक्रोफायबरमध्ये अडकतो, आणि कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नये, कारण ते धाग्यांवर बसून पाणी शोषू देत नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद समजावं.

पाणी कोणतं वापरायचं यावरही एक सल्ला सर्रास दिला जातो: आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरा. हेतू चांगला आहे, सल्ला अर्धाच बरोबर आहे. शुद्ध पाण्यातून काढलेले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच गोळा झालेले असतात. बोअरवेलचं पाणी असलेल्या सोसायटीत ते आणखीच जड होतं, आणि गाडीवर वाळलं की पांढरे डाग सोडतं. उन्हात ते डाग लॅकरमध्ये रुततात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. बोअरचं पाणी ती पुष्कळदा ओलांडतं. तेव्हा आरओचं पाणी चाकांना आणि पायपुसण्यांना वापरावं. रंगासाठी त्याहून चांगलं पाणी घरातच टपकत असतं: एसीचं. हवेतली वाफ थंड होऊन आलेलं हे पाणी जवळपास क्षारविरहित असतं. दमट हवेत एसीच्या नळीखाली बादली ठेवली तर गाडीपुरतं पाणी सहज साठतं, डागांची भीती नाही आणि नळही लागत नाही.

आता खरा वजनदार आक्षेप. जोराच्या फवाऱ्याशिवाय चिखल निघत नाही, हे बरोबरच आहे. पावसाळ्यात घाट उतरून आलेली, कोकणातल्या लाल मातीने मडगार्डच्या आतपर्यंत माखलेली गाडी दोन बादल्यांत धुऊ नये. तिथे कणांचा थर एवढा जाड असतो की कोणतंही द्रावण त्याला पुरत नाही. समुद्रकाठी फिरून आलेल्या गाडीच्या खालच्या बाजूचं मीठही बादलीने निघत नाही. अशा वेळी वॉशिंग सेंटर गाठावं, रॅम्पवर चढवून खालून फवारा मारून घ्यावा. पण तिथेही तेवढंच करून घ्यावं. शंभर गाड्या घासलेला ब्रश किंवा स्पंज आपल्या बॉनेटवर फिरू देऊ नये. ‘फक्त पाणी मारा, पुसू नका’ असं स्पष्ट सांगता येतं. मात्र हा अपवाद वर्षातल्या मोजक्या प्रसंगांचा आहे. शहरात रोज बसणारी धूळ ही सुटी धूळ असते, तिला फवाऱ्याची गरज नसते. शिवाय फवाऱ्याने सुटा मळच जातो. धुराचा तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यासाठी शेवटी फडकं लावावंच लागतं.

पाण्याचा हिशेब मांडला तर नळ नसणं सोयीचंच वाटू लागतं. अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज जातं, म्हणजे दहा मिनिटांत शंभरावर लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी निकषात माणशी रोजचं पाणी १३५ लिटर धरलेलं आहे. एका माणसाचा जवळजवळ दिवसभराचा वाटा आपण एका गाडीवर ओतायचा, हे मार्च २०२४ मध्ये बंगळूरला चाललं नाही: तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आणली आणि मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठेवला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला न्यावं लागलं, त्यालाही फार काळ लोटलेला नाही. वीस लिटरांत धुणाऱ्याला उद्याच्या कपातीची किंवा बंदीची काळजी करावी लागत नाही. सोसायटीच्या कमिटीलाही त्यात हरकत घेण्यासारखं काही सापडत नाही, कारण पार्किंगची फरशी जेमतेम ओली होते. उरलेलं मळकं पाणी गटारात न ओतता वर नेऊन संडासात टाकलं की ते सांडपाण्याच्या वाहिनीत जातं, पावसाच्या नाल्यातून थेट नदीत नाही.

पुसणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न काहीजण कळकळीने विचारतात आणि तो रास्त आहे. त्याला काढून टाकायचं कारण नाही. त्याच पगारात रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा नीट धुण्याचं ठरवावं, आणि बादली, द्रावण, फडकी आपली द्यावीत. त्याचे कष्ट कमी होतात आणि आपल्या गाडीवर शेजारच्या गाडीची रेती येत नाही. मधल्या दिवसांत धूळ दिसली तर दिसू द्यावी. बसलेली धूळ रंगाला काही करत नाही, घासलेली करते. ‘गाडी वापरायची वस्तू, तिचं एवढं कौतुक कशाला’ म्हणणाऱ्यालाही हेच लागू आहे. कौतुक नको असेल तर आठवडाभर हातच लावू नये. रोज सकाळी कष्ट करून गाडी खराब करण्यापेक्षा आळस कितीतरी स्वस्त पडतो.

रविवारची वाट न पाहता हात लावायचा तो दोनच गोष्टींना. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात तापलेल्या लॅकरवर कायमचा ठसा उमटवते. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेल्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, तोही वाळला की सुटता सुटत नाही. अशा जागी ओलं फडकं पाच मिनिटं नुसतं ठेवावं, डाग मऊ झाला की न घासता उचलून घ्यावा. त्यासाठी डिकीत पाण्याची एक बाटली आणि दोन धुतलेली मायक्रोफायबरची फडकी असली की झालं. पिवळं फडकं मात्र आजच घरी न्यावं. खिडकीच्या गजांना ते उत्तम चालतं.