फोर्कलिफ्ट का कलंडते?

पहारीने दगड उचलणारा मजूर सर्वांनीच पाहिला असेल. पहारीखाली टेकू ठेवावयाचा आणि लांब टोकावर भार द्यावयाचा, एवढीच ती युक्ती. कारखान्यात व गोदामात माल उचलून नेणारी फोर्कलिफ्ट ही वस्तुतः चाकांवर चढविलेली तरफच होय. पुढील चाकांचा आस हा तिचा टेकू. पुढे काट्यांवरील माल, मागे गाडीचे स्वतःचे वजन. म्हणूनच मागील भागात ओतीव लोखंडाचा जड प्रतिभार बसवितात. विजेवर चालणाऱ्या गाडीत बॅटरीचे वजनही या कामी येते.

समजा, एका गाडीची क्षमता 2000 किलोग्रॅम आहे. हा आकडा मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून 500 मिलिमीटरवर असतानाच खरा. ही पाठ आसापुढे 400 मिलिमीटर असेल, तर भाराची भुजा 900 मिलिमीटर झाली. आता माल लांबट असून त्याचा गुरुत्वमध्य 800 मिलिमीटरवर गेला, तर भुजा 1200 मिलिमीटर होते. 2000 ला 900 ने गुणून 1200 ने भागावे : उत्तर 1500 किलोग्रॅम. त्याहून अधिक उचलणे म्हणजे ठेवलेली सुरक्षिततेची मर्यादा ओलांडणे. अशा वेळी प्रतिभार म्हणून मागे दोन माणसे उभी करण्याची खोड कोठे कोठे आढळते. साखळ्या व काटे त्या जादा वजनासाठी घडविलेले नसतात, आणि गाडीला हिसका बसताच माणसे खाली पडतात, याचा विचार कोणी करीत नाही.

आडव्या कलंडण्याचे कारण निराळे आहे. सामान्यतः मागचा आस मध्यभागी एकाच खिळीवर डुलता असतो. त्यामुळे चार चाके असूनही गाडी तीन बिंदूंवर तोललेली असते : पुढची दोन चाके आणि ती खीळ. गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा या त्रिकोणाबाहेर पडली की गाडी उलटते. माल उंच धरून वळल्यास हे चटकन घडते. परंतु रिकामी गाडीही निर्धोक नव्हे. माल नसताना गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. रिकामी म्हणून वेगाने वळविलेली गाडी याच कारणाने दगा देते.

गाडी कलू लागल्यास बसलेल्या चालकाने उडी मारू नये. उडी मारणाऱ्याच्या अंगावरच डोक्यावरील छताचा सांगाडा येऊन पडतो. पट्टा बांधलेला असावा, चाक घट्ट धरावे आणि पडत्या बाजूच्या उलट दिशेस अंग झुकवावे.