धरण उशाला, कोरड घशाला

'पाणी म्हणजे जीवन' हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेच्या भिंतीवर वाचलंय. पण लोणावळ्यात राहून पाणीटंचाईवर लेख? जुलैमध्ये तर इथे आठवडाभर टॉवेल वाळत नाही! वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही मे महिन्यात मावळातल्या डोंगरवस्त्यांवर बायकांना हंड्याभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. असं का?

पहिलं कारण जमिनीचं. सह्याद्रीचा खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी मुरतं ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. त्यातून उतार तीव्र आणि पाऊस चारच महिने. म्हणजे आलेलं पाणी थांबतच नाही.

दुसरं कारण, अडवलेल्या पाण्याचे वाटेकरी. वळवण, शिरोता ही धरणं टाटांनी विजेसाठी बांधली. त्यांचं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजकेंद्रात जातं, जे 1915 मध्ये सुरू झालं. आपलं लाडकं भुशी धरणसुद्धा मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेलं!

पवना धरण मावळातलं, पण पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः त्यावर भागते. हे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेला विरोध करायला शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. आणि शहरात तरी पाणी मुबलक आहे का? तिथेही नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. म्हणजे पाइपच्या दोन्ही टोकांना तहानच.

आता आपण इंजिनीअर आहोत, तर थोडं गणित करूया. 100 चौरस मीटर गच्चीवर 4 मीटर पाऊस म्हणजे 400 घनमीटर, अर्थात 4 लाख लिटर पाणी. त्यातलं 80 टक्के हाती लागलं तरी 3 लाख 20 हजार लिटर. माणशी रोज 135 लिटर धरले, तर 20 जणांना जवळजवळ चार महिने पुरेल! एवढं सगळं साठवायला टाकी परवडणार नाही, हे खरं. पण पावसाळ्यात छोटी टाकीही पुन्हा पुन्हा भरते. ते पाणी फ्लश आणि फरशीला वापरायचं आणि उरलेलं गाळून बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात मुरवायचं.

दुसरं गणित आपल्या वॉशबेसिनचं. नळाला मिनिटाला 6 लिटर पाणी धरलं, तर तीन मिनिटं नळ चालू ठेवून ब्रश केल्यावर 18 लिटर वाया. हॉस्टेलमध्ये 200 मुलं असतील तर रोज सकाळी 3600 लिटर!

18 लिटर म्हणजे साधारण एक भरलेला हंडा. वरच्या वस्तीवरची एखादी मावशी तो डोक्यावर घेऊन चढण चढते, आणि आपण तो तोंडाला फेस असताना सोडून देतो. तेव्हा उद्या सकाळी ब्रश तोंडात घातला की एवढंच करा, नळ बंद करा.