वालधुनीचे पाणी आणि खाडीतले पाहुणे



अंबरनाथला समुद्र नाही. मग खाडीतले पक्षी आणि तिवरांची झाडे यांच्याशी आपला काय संबंध, असे कुणी विचारले तर त्याला नकाशा दाखवावा. मलंगगडाकडच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी आपल्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. उल्हास पुढे वसईच्या खाडीला जाते, पण ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने ती ठाणे खाडीशीही जोडलेली आहे. म्हणजे वालधुनीत टाकलेली पिशवी भरती-ओहोटीबरोबर फिरत शेवटी कुठल्यातरी तिवरात जाऊन अडकते.

या ठाणे खाडीचा सुमारे १६९० हेक्टर भाग शासनाने २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून तिची नोंद झाली. (रामसर हे इराणमधील गाव. हा करार १९७१ साली तेथे झाला.) थंडीच्या सुरुवातीपासून येथे फ्लेमिंगो येऊ लागतात, लाखाहून अधिक, आणि बहुतेक पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. चोच उलटी करून ते चिखलातले शेवाळ व बारीक जीव गाळून खातात. पक्षी इतके येतात म्हणजे खाडी स्वच्छ असणार, असा समज मात्र करून घेऊ नये. सांडपाण्यामुळे शेवाळ वाढते आणि त्यामुळेही पक्षी आले, असे अभ्यासक सांगतात. त्याच पाण्यातून विषारी रसायने आली तर तीही त्यांच्याच पोटात जाणार.

आता स्वयंसेवकांचे काम पाहू. कांदळवनांसाठी वनखात्याचा स्वतंत्र कक्ष २०१२ पासून आहे, पण एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर रोज नजर ठेवणे त्याला एकट्याला शक्य नाही. ठाणे, ऐरोली, नेरूळ भागातील नागरिक सुट्टीच्या दिवशी ओहोटीची वेळ पाहून तिवरांत उतरतात आणि प्लास्टिक काढतात. तिवराची मुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांवर पिशव्यांचा थर बसला की झाड गुदमरते. म्हणून हे काम हळू करावे लागते. मुळांवर पाय देऊ नये, आणि रोपाभोवती गुंडाळलेले कापड न ओढता कात्रीने कापावे. फोटोपुरती तासाभराची मोहीम काढून शंभर माणसांनी चिखल तुडवण्यापेक्षा दहा जणांनी दर महिन्याला जाणे बरे, असे आमचे मत आहे.

दुसरे काम पहाऱ्याचे. नेरूळच्या डीपीएस तलावाचे उदाहरण घ्या. भरतीत खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा पक्षी अशा तळ्यांत विसावतात. २०२४ मध्ये या तळ्यात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बुजले, तळे कोरडे पडले. त्याच हंगामात काही फ्लेमिंगो मृत आढळले. रहिवाशांनी तक्रारी केल्या, निदर्शने केली, पाठपुरावा सोडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. तक्रार करायला पक्षीतज्ज्ञ असावे लागत नाही. तिवरांवर भराव पडताना दिसला तर तारीख, ठिकाण आणि छायाचित्र पुरेसे असते. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच म्हटले आहे.

वरच्या अंगालाही लढा झाला. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आणि २०१५ मध्ये लवादाने मोठा दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कारखान्यांच्या पाण्याचा बंदोबस्त आपल्या हातमोज्यांनी होणार नाही, हे खरे. पण नदीत पडणारा घरगुती कचरा कारखान्याचा नसतो.

ज्या कुटुंबांना पक्षी पाहायचे आहेत त्यांनी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना घेऊन जावे. आपल्या तरुणांनी मात्र कामाची सुरुवात वालधुनीच्या काठावरूनच करावी, आणि तीही एप्रिल-मे महिन्यांत. एकदा पहिला मोठा पाऊस पडला की काठावर साचलेले सगळे एका रात्रीत खाडीकडे निघते.