सांबाराला मसाला किती रुपयांचा पडतो?

चार माणसांच्या सांबाराला पोह्याच्या चमच्याने अडीच-तीन चमचे मसाला लागतो, म्हणजे १२ ते १५ ग्रॅम. तयार पुड्यातला घातला तर तो दहा-बारा रुपयांना पडतो, घरी केलेला साडेतीन-चार रुपयांना. एका पातेल्यामागे वाचतात सात-आठ रुपये. आठवड्यातून दोनदा सांबार होणाऱ्या घरात त्याचे वर्षाला सात-आठशे होतात. शिवाय घरचा मसाला पहिल्या उकळीलाच जिन्यापर्यंत दरवळतो.

हिशेब मांडते. भाव पुण्या-मुंबईतल्या सुट्या, निवडलेल्या मालाचे आहेत आणि ढोबळ आहेत. हंगामाप्रमाणे ते खाली-वर होतात, तेव्हा तुमच्या दुकानदाराचे आकडे घालून बेरीज पुन्हा करा. धणे २०० ग्रॅम, किलोला १८० धरून ३६ रुपये. ब्याडगी मिरची ७० ग्रॅम, ४०० च्या भावाने २८. गुंटूर मिरची ३० ग्रॅम, २५० च्या भावाने साडेसात. हरभरा डाळ ५० आणि उडीद डाळ २५ ग्रॅम, मिळून साडेआठ. जिरे २५ ग्रॅम ९ रुपयांचे, मिरे १० ग्रॅम १० रुपयांचे, हिंग ५ ग्रॅम साडेसातचा, हळद १० ग्रॅम अडीचची, मेथी १० ग्रॅम सव्वा रुपयाची. बेरीज झाली ११० रुपये. भाजून-दळून हाती ४०० ग्रॅमच्या वर मसाला येतो, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण २७ रुपये. तयार मसाल्याला तेवढ्याच वजनाचे ७५ ते ८५ मोजावे लागतात.

या ११० रुपयांतले ७० हून जास्त नुसत्या धण्यांचे आणि मिरचीचे आहेत. दाक्षिणात्य स्वयंपाक महाग मसाल्यांचा असतो हा समज इथेच गळून पडतो. रोजचं सांबार, रस्सम, पोरियल, चटणी चालते ती धणे, मिरची, मोहरी, मेथी, हिंग आणि कढीपत्त्यावर. वेलची, लवंग, दालचिनी चेट्टिनाडच्या आणि मलबारच्या मांसाहारी रश्श्यात, बिर्याणीत आणि काही कुर्म्यांत लागते, सांबारात नाही. तेव्हा बारकाईने निवडायची असेल तर मिरची निवडा.

ब्याडगी हे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं गाव. तिथल्या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गडद लाल रंग, अंगावर सुरकुत्या, तिखटपणा बेताचा. गुंटूर आंध्रातली, सालीने गुळगुळीत आणि चांगली झणझणीत. नुसती गुंटूर घातली तर सांबार तिखटजाळ आणि फिकट होतं, नुसती ब्याडगी घातली तर रंग येतो पण जिभेला काही कळत नाही. वर धरलेलं ७० आणि ३० चं प्रमाण बहुतेक मराठी घरांना मानवेल. घेताना मूठभर मिरच्या कानाशी धरून हलवा, आतल्या बिया खुळखुळल्या पाहिजेत. मिरची वातड लागली, बोटांत वाकली तर ती ओलसर आहे. म्हणजे पाण्याचे पैसे तुम्ही देताय, वर महिन्याभरात बुरशीही धरणार. पांढरट डाग पडलेली फटकी मिरची स्वस्त मिळते, ती मात्र मिळेल त्या भावाला नको. देठ काढलेली मिरची किलोमागे थोडी महाग असते, तरी देठांचं वजन आणि घरी बसून खुडण्याचा वेळ धरला तर मला ती परवडते. नवी मिरची आणि नवे धणे फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागतात. वर्षाचं घ्यायचं तर मार्च-एप्रिलमध्ये घ्या.

हिंगाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. डबीत मिळतो तो शुद्ध हिंग नसतो. मूळ चीक मुख्यतः अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. तो फार उग्र असतो, म्हणून त्यात खाण्याचा डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळून बांधानी हिंग करतात. हे कायदेशीर आहे, डबीवर छापलेलंही असतं, पण ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही. घरात कोणाला गहू चालत नसेल तर तांदळाच्या पिठाचा हिंग मागून घ्या. तमिळनाडूत घरोघरी खडा हिंग असतो. चण्याएवढा तुकडा तेलात फुलवून मसाल्याबरोबर दळला की पुडीच्या हिंगापेक्षा वास टिकाऊ येतो. १०० ग्रॅमला १५० रुपये दिसले की महाग वाटतं, पण सांबाराच्या एका पातेल्यात त्यातले जेमतेम चार आणे जातात. म्हणून इथे हात आखडू नका, चांगल्यातला घ्या.

मिरे रस्समचा प्राण. किलोला हजारच्या आसपास, पण ५० ग्रॅम दोन महिने सहज पुरतात. पूड विकत घेऊ नका. अख्ख्या मिऱ्यांत पपईच्या सुकलेल्या बिया मिसळण्याची जुनी खोड आहे. चमचाभर मिरे पेलाभर पाण्यात टाका. चांगला मिरा तळाशी बसतो, पपईची बी तरंगते. मोहरीत पिवळ्या धोत्र्याच्या बिया येऊ शकतात आणि त्या विषारी असतात. मोहरीचा दाणा गुळगुळीत, चिरडला की आतून पिवळा. धोत्र्याचा खरखरीत, आतून पांढरा.

आता केरळच्या सहलीबद्दल. मुन्नार-तेक्कडीला गेलेला मराठी माणूस मसाल्याची पिशवी घेतल्याशिवाय परतत नाही. मीही एका मसाल्याच्या बागेला जोडलेल्या दुकानातून पाव किलो वेलची आणली होती. घरी चार वेलच्या ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळल्या आणि फडकं हिरवं झालं. रंग दिलेला होता. ज्या रंगाला मी भुलले, त्याचेच पैसे मी मोजले होते. खरी वेलची वाळवल्यावर पोपटी-हिरवी राहते, सोलली की दाणे काळे, चिकटसर आणि घट्ट बसलेले असतात. इडुक्कीतल्या पुट्टडीला आणि तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरला वेलचीचे लिलाव होतात आणि देशभरचे भाव त्यांवरच ठरतात. त्यामुळे बागेच्या दारात ती फार स्वस्त मिळेल ही आशा धरू नका. निघण्यापूर्वी आपल्या गावचा भाव लिहून न्या.

हळदीसाठी तर दक्षिणेकडे पाहायचीही गरज नाही. इरोडची हळद नावाजलेली, पण आपल्या सांगलीच्या हळदीलाही २०१८ मध्ये मानांकन मिळालंय. दगडफूल गोड्या मसाल्यासाठी आपल्याकडे असतंच. चेट्टिनाडकडे त्यालाच कल्पासी म्हणतात, म्हणून त्या नावाने महागडी पुडी घेऊ नका. बिसी बेळे भातात मात्र मराठी मोग्गू लागतो. नाव मराठी, तरी मराठी घरांत हा जिन्नस सहसा सापडत नाही. सावरीच्या झाडाची ती सुकवलेली कळी असते. चार-पाच कळ्या एका वेळेला पुरतात, म्हणून सगळ्यात लहान पुडी घ्या.

तयार मसालाच घेणार असाल तर पुड्याच्या मागे पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत मीठ असेल तर तुम्ही मिठाला मसाल्याचा भाव देताय. किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यांवर आता एका ग्रॅमची किंमतही छापावी लागते, लहान-मोठ्या पुड्यांची तुलना तिच्यावरून करा. अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक नसेल तर पुडा परत ठेवा. वजनात किंवा किमतीत फसवणूक झाली तर पावती हाताशी ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

मसाला दळताना प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, मंद आचेवर. मेथी जराशी जास्त झाली तरी सगळा मसाला कडू होतो, म्हणून ती तांबूस दिसताच उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच दळा, नाहीतर वाफ धरून गोळे होतात. एका वेळी दोन महिन्यांचाच करा. कढीपत्ता मात्र मसाल्यात दळण्यापेक्षा दहा रुपयांची ताजी जुडी आणा, पानं धुऊन, कोरडी करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागतील तशी थेट गरम तेलात टाका.