अधांतरी बेडूक

बेडूक उड्या मारतो आणि पोहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो कोणत्याही आधारावाचून हवेत तरंगू लागला तर? ही परीकथा नव्हे. १९९७ साली नेदरलँड्समधील नायमेखेन येथील प्रयोगशाळेत आंद्रे गाइम व त्यांचे सहकारी यांनी हा चमत्कार प्रत्यक्ष घडवून दाखविला.

चुंबक लोखंडाला ओढून घेतो, हे तुम्ही जाणताच. पाण्याला मात्र तो किंचित दूर लोटतो. हा रेटा इतका क्षीण असतो, की एरवी तो आपल्या ध्यानातही येत नाही. बेडकाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच असते. अतिशय प्रबळ अशा चुंबकात हा रेटा व बेडकाचे वजन यांचा तोल साधला, आणि बेडूक अधांतरी राहिला! त्याला इजाही झाली नाही.

लोक हसले. आधी हसविणाऱ्या व मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे ‘इग नोबेल’ पारितोषिक २००० साली या प्रयोगाला मिळाले. गाइम यांनी ते आनंदाने स्वीकारले. पुढे त्यांनी व कोन्स्तांतिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलून एका अणूइतक्या जाडीचे ‘ग्राफीन’ वेगळे केले. त्या कार्याबद्दल २०१० साली दोघांना खरेखुरे नोबेल पारितोषिक मिळाले!

मुलांनो, तुमच्या मनातही कधी एखादा वेडगळ प्रश्न येईल. लोक हसतील म्हणून तो गिळून टाकू नका.