मार्जारकुलाची ओळख

उदमांजर हें मांजर नव्हे, आणि वाघ मात्र मांजराच्या कुळांतला, असें कोणी म्हटल्यास आमच्या बालवाचकांस हसूं येईल. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें दोन्ही विधानें खरीं आहेत. कुत्र्यासारखें दिसणारें तरसदेखील कुत्र्यापेक्षां मांजराच्याच जवळचें आहे! केवळ नांवावरून किंवा रूपावरून नातें ठरविलें, तर फसगत होते.

घरचें मांजर मांडीवर असतां त्याचा पंजा हलकेच दाबून पाहावा. आंत दडलेलीं नखें म्यानांतून तरवार निघावी तशीं बाहेर येतात. तोंड आखूड, जीभ कांटेरी, दाढा कातरीप्रमाणें मांस कापणाऱ्या. हीच ठेवण वाघसिंहांची. म्हणूनच स्वीडनचे लिनिअस यांनीं १७५८ सालीं सिंह, वाघ, बिबळ्या व मांजर यांस ‘फेलिस’ या एकाच नांवाखालीं बसविलें. पुढें १९१७ सालीं पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञांनीं जिभेच्या मुळाशीं असलेल्या हाडाची रचना पाहून डरकाळी फोडणारे मोठे प्राणी निराळे काढले. हिमबिबळ्यानें मात्र हा हिशेब बिघडविला. त्याचें हाड मोठ्यांसारखें, पण डरकाळी नाहीं. आतां पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासून नातें ठरवितात, व त्यावरून हिमबिबळ्या वाघाचा सर्वांत जवळचा आप्त ठरला आहे. २०१७ सालच्या गणनेप्रमाणें या कुलांत ४१ जाती असून त्यांच्या आठ शाखा आहेत.

चित्त्याचें जवळचें नातें बिबळ्याशीं नसून अमेरिकेंतील प्यूमाशीं आहे, हें वाचून आम्हांसही नवल वाटलें. चित्त्याचे ठिपके भरीव, बिबळ्याचे फुलासारखे पोकळ. शिवाय चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते. आपल्याकडे पुष्कळ लोक बिबळ्यासच चित्ता म्हणतात. खरा चित्ता मात्र १९४७ सालीं कोरिया संस्थानांत तीन मारले गेल्यावर भारतांतून नाहींसाच झाला, व १९५२ सालीं तसें जाहीर झालें. २०२२ सालीं नामिबियांतून आठ चित्ते मध्य प्रदेशांतील कुनो येथें आणले गेले. मधल्या सत्तर वर्षांत आपणांकडे नांव राहिलें, प्राणी नव्हता!

वाघाटीची गोष्ट याच्या उलट. हें मार्जारकुलांतील अत्यंत लहान जनावर. वजन एक ते दीड किलो. भारत, नेपाळ व श्रीलंका यांवांचून तें अन्यत्र आढळत नाहीं. पुणें व नाशिक जिल्ह्यांत ऊसतोडीच्या वेळीं तिचीं पिलें सांपडतात. लोक त्यांस बिबळ्याचे बछडे समजून घाबरतात, अथवा दयेनें उचलून घरीं नेतात. त्यांच्या कपाळावर डोळ्यांच्या कडेनें चढलेल्या पांढऱ्या रेघा असतात. बिबळ्यास त्या नसतात. अशीं पिलें दिसल्यास हात न लावतां वनखात्यास कळवावें. त्याच जागीं ठेवलीं असतां रात्रीं आई येऊन त्यांस तोंडांत धरून घेऊन जाते.