सगळ्यांना एकच निरोप : मल्टिकास्ट बीमफॉर्मिंगची ओळख

मित्रांनो, मी साताऱ्याची, शिकले कॉन्व्हेंटमध्ये आणि आता सांगलीत ई अँड टीसीला आहे. त्यामुळे माझं मराठी थोडं मिसळीसारखं आहे, सांभाळून घ्या. विषय मात्र मेकॅनिकलवाल्यांनाही कळेल असा आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट! अशा वेळी हजारो मोबाईलवर एकच माहिती जायला हवी असते : कुठला रस्ता बंद, बोट कुठे येणार. प्रत्येकाला तीच माहिती वेगळी पाठवली तर तो युनिकास्ट. सरसकट सगळ्यांसाठी सोडली तर ब्रॉडकास्ट. अजिंक्यताऱ्यावरचा दूरदर्शनचा टॉवर वर्षानुवर्षं तेच करायचा. आणि ठरावीक गटासाठी एकदाच पाठवली तर मल्टिकास्ट.

मल्टिकास्टमध्ये एक गोम आहे. वेग ठरतो तो सगळ्यात कमजोर सिग्नलवाल्यावरून. टॉवरसमोरच्याला व्हिडिओ झकास दिसला, पण पाणी शिरलेल्या गल्लीतल्या आजीबाईंना काहीच मिळालं नाही, तर तो निरोप पोचला असं म्हणायचं का?

जास्त अँटेना कशाला?

एकापेक्षा जास्त अँटेनांना तोच सिग्नल थोडा मागेपुढे करून, म्हणजे फेज बदलून दिला, की लाटा एका दिशेला एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि दुसरीकडे एकमेकींना मारतात. हेच बीमफॉर्मिंग. जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेना वापरून हे करून दाखवलं होतं.

दोन अँटेनांत साधारण अर्ध्या तरंगलांबीचं अंतर ठेवतात. सांगली आकाशवाणीच्या १२५१ किलोहर्ट्झला तरंगलांबी येते सुमारे २४० मीटर, म्हणजे अंतर १२० मीटर! तेच ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झला फक्त ४.३ सेंटिमीटर. आठ अँटेनांची रांग हॉस्टेलच्या उशीपेक्षाही लहान. म्हणून हा खेळ मोबाईलच्या टॉवरवर जमतो.

दोन अँटेना, तीन माणसं

आता वहीत करून बघा. टॉवरची एकूण पॉवर ठरलेली आहे. ती एकाच अँटेनातून दिली तर प्रत्येकाला १ इतका सिग्नल मिळतो असं धरू. आता ती दोघांत अर्धी-अर्धी वाटू.

अमितकडे दोन्ही लाटा ताल धरून पोचतात. त्याला मिळतात २. बबनकडे मात्र एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच वेळी येतो. त्याला शून्य. दुसऱ्या अँटेनाची फेज १८० अंशांनी फिरवली, की बबनला २ आणि अमितला शून्य. आणि ९० अंश फिरवली तर? दोघांनाही १.

आळीपाळीने २-२ देणं बरं, की दोघांना एकदम १? नॉइजही १ धरून शॅननचं सूत्र लावा. आळीपाळीने प्रत्येकाला सरासरी ०.७९ बिट मिळतो, एकदम पाठवलं तर पूर्ण १. म्हणजे एकत्र पाठवण्यातच फायदा!

आता चित्रा आली. तिच्याकडे दुसरी लाट मुळातच ९० अंश मागे पोचते. आपण फेज आणखी ९० अंश मागे नेली तर तिला शून्य, ९० अंश पुढे आणली तर २. अमित-बबनला दोन्ही वेळा १च. म्हणजे त्या दोघांना सारखेच वाटणारे दोन पर्याय तिसरीसाठी जमीन-अस्मान ठरले.

शंभर जण आले तर?

इथे गणित खरंच अवघड होतं. सिडिरोपुलोस, डेव्हिडसन आणि लुओ यांनी २००६ मध्ये दाखवलं, की कमीत कमी सिग्नल मिळणाऱ्याला जास्तीत जास्त मिळावं अशी बीम शोधणं हा प्रश्न एनपी-हार्ड आहे. सोप्या भाषेत, कुठल्याही संख्येसाठी झटपट आणि अचूक उत्तर देणारी रीत कोणाला माहीत नाही. त्यांनी एक युक्ती केली. बीमच्या व्हेक्टरऐवजी त्याच्यापासून बनणारी मॅट्रिक्स धरली आणि 'तिचा रँक १ असावा' ही एकच त्रासदायक अट सोडून दिली. उरलेला प्रश्न कॉन्व्हेक्स होतो आणि कॉम्प्युटर तो सोडवतो. मग त्या मॅट्रिक्सवरून रँडम पद्धतीने बऱ्याच बीम काढायच्या आणि सगळ्यात चांगली ठेवायची. उत्तर परफेक्ट नसेल, पण बहुतेकदा जवळपास जातं.

मर्यादाही आहेत. प्रत्येकाचा चॅनल टॉवरला माहीत हवा, ३.५ गिगाहर्ट्झला माणूस चार-पाच सेंटिमीटर सरकला तरी तो बदलू शकतो. आणि अँटेना तेवढेच ठेवून माणसं वाढवत नेली, तर शेवटच्याचा वाटा घटत जातो. ५जीच्या स्टँडर्डमध्ये मल्टिकास्ट २०२२ च्या रिलीज १७ मध्ये आला, पण बीम कशी निवडायची हे काम इंजिनिअरचंच आहे.

मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे इथे सरासरी चालत नाही. वर्गाची सरासरी ७० आली म्हणून नापास झालेला पास होत नाही, तसंच हे. पुराच्या वेळी तर नाहीच नाही. तेव्हा फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनो, लॅबमध्ये मॅटलॅब आहे, वरची तीन माणसं आहेत. चौथा आणून बघा, तोही असा की चित्राला शून्य देणारी फेज त्याला २ देते. चौघांनाही १ कसा द्यायचा, याचं उत्तर अगदी साधं आहे. ते मी सांगणार नाही!